सुभेदाराची चाल

१२ जानेवारी

सुभेदारानं आज माझी डावी चप्पल खाल्ली. गेल्या आठवड्यात उजवी खाल्ली होती — पण दुसऱ्या जोडातली! आता एक निळी, एक तपकिरी घालून फिरू की काय?

सासरे त्याचीच बाजू घेणार. "आगं पूजा, दात शिवशिवत्यात त्येचं." अण्णा स्वतः फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि कुत्र्याचं नाव ठेवलं सुभेदार. म्हणजे घरात वरचा हुद्दा त्याचा! सासूबाई गेल्यावर अण्णा साताऱ्याकडचं गाव सोडून आमच्याकडं सांगलीला आले, तेव्हा दिवसाला चार शब्द बोलायचे. आता सकाळी त्यांचं "सावधान!" ऐकून सगळी गल्ली उठते. उठू दे.

१५ जानेवारी

शेजारचे कृष्णात भाऊजी म्हणाले, "अण्णा, काय चाल हाय वो कुत्र्याची!" अण्णा हे एवढे फुगले.

चाल बघूनच तर घेतलाय. कुपवाडला पप्पूच्या वर्कशॉपमागं त्याच्या जर्मन शेफर्ड कुत्रीची पिल्लं होती. बाकीची तुरुतुरु पळत होती, हा एकटा कंबर हलवत डौलात आला. अण्णांनी सुट्टीत घरी आलं की खिलार खोंडं पारखायची, तीच नजर इथं लावली. "कमरंत डौल लागतो. जातिवंताची खूण!" आमचे हे म्हणाले, "अण्णा, कुत्रा घेताय का बैल?" मी हसून हसून बेजार.

२ फेब्रुवारी

सुभेदार जिना चढेना. मागचे दोन्ही पाय एकदम टाकतो, सशासारखे. अण्णांचं निदान तयार — "लाड लय झाल्यात, पाय कच्चं ऱ्हायलं." औषध काय, तर दोन अंडी जादा आणि रोज स्कूटीमागं पळवायचं.

"आवं अण्णा, डॉक्टरला तरी दाखवूया."

"रिक्रूट सुरवातीला लंगडतोच गं."

१९ फेब्रुवारी

पळतोय बिचारा. अण्णा वळून हाक मारतात म्हणून पळतोय! आज उठताना असा केकाटला की माझ्या हातातलं पातेलं पडलं. अण्णांशी कडाकडा भांडले. उद्या नेणार म्हणजे नेणारच.

२० फेब्रुवारी

मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे दाखवला. खुब्याच्या वाट्या उथळ, दोन्हीकडच्या. हाड नीट बसतच नाही. "हे रक्तातून येतं, आई-बापाकडून." तो डौल नव्हताच. खुबा निसटत होता म्हणून कंबर हलायची.

अण्णांनी विचारलं, "पळवला तर?"

मॅडमनी एक्स-रे पिशवीत घातला. "झीज वाढली असेल."

मला त्यांचा इतका राग आला! खोटं बोलायला काय जात होतं? घरी येईपर्यंत अण्णांनी एक्स-रेची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

८ मार्च

गोळ्यांनी बरं आहे. जादाची अंडी बंद, पळणं बंद. गच्चीवर न्यायला चादरीची झोळी — एका टोकाला अण्णा, एका टोकाला आमचे हे, आणि मधे सुभेदार, नवरदेवासारखा इकडं तिकडं बघत! दुपारी अण्णा त्याचे पाय चेपत बसतात. "साहेब, बरं वाटतंय का?" साहेब शेपूट आपटतात.

मी माझी नवी चप्पल स्वतःहून त्याच्यापुढं ठेवली. खा बाबा.

५ एप्रिल

गोळ्या लागू पडेनात. आता पुढच्या पायाचे सांधेही गेलेत. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, त्याचे हाल थांबवा.

वर्ष-सव्वा वर्षाचं लेकरू हो!

११ एप्रिल

झालं. घरीच, अंगणात. आधी वाटीभर मटण खाल्लं, माझा पदर चाटून तेलकट केला. मॅडमनी इंजेक्शन भरलं. अण्णांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, सुट्टी मंजूर."

मी खूप रडले. अजून रडतेय. उरलेल्या चपला मात्र सगळ्या शाबूत!

१५ एप्रिल

अण्णा अर्ध्या भाकरीवर उठतात. "मी मारला त्येला." मी म्हटलं, "आवं, जन्मापासून होतं." तर म्हणे, "पळवला मीच नव्हं?" पुन्हा चार शब्दांवर आलेत. गावाला जातो म्हणतात. रिकाम्या घरात? मी पाठवणार नाही.

१८ एप्रिल

अण्णा सकाळपासून घरात नाहीत! फोन इथंच. एक्स-रेची पिशवी तेवढी नेलीय. आमचे हे एसटी स्टँडवर बघून आले. जीव थाऱ्यावर नाही.

१९ एप्रिल

कुपवाडला गेले होते, पप्पूशी भांडायला! काल दिवे लागायला टेम्पोतून उतरले, मागोमाग सुभेदाराची आई. चालताना कंबर तशीच हलते. आणि पोट हे एवढं! पप्पू तिला देईना, तर हवालदार दिवसभर वर्कशॉपच्या दारात ठिय्या मारून बसले.

"आयचीच चाल हाय गं, पूजा. मी न्हाई केलं." किती दिवसांनी माझ्याकडं नीट बघून बोलले.

मी म्हटलं, "आणि ही पिल्लंपण अधू निघाली तर? कोण नेणार?"

"न्हेत्यात कशाला? आपलीच की ती."