पाठीवरचे सात तीळ

३ जानेवारी

होस्टेलमधली शनिवारची अंघोळ आठवली. ओळीने मांडलेल्या बादल्या, बाहेर घड्याळ घेऊन उभ्या मदर — आणि धाकटी बहीण माझी पाठ चोळता चोळता तीळ मोजतेय. "पाच, सहा, सात! ताई, सप्तर्षी आहेत तुझ्या पाठीवर." दर शनिवारी मोजायची. जणू एखादा पळूनच जाणार होता!

आठवायचं कारण — आज सोरायसिससाठी दवाखान्यातून दिवा घरी आला. कपाटाएवढा उंच, आत सहा नळ्या. नर्सने जमिनीवर चिकटपट्टी लावून दिली. "आजी, इथंच उभं राहायचं. गॉगल घातल्याशिवाय बटण दाबायचं नाही. एक दिवसाआड, सांगू तेवढाच वेळ. कातडी लाल झाली की बंद, आणि लगेच फोन."

दारामागे तक्ता टांगलाय. तारीख, वेळ, लाली. शेवटचा रकाना — पाठ कोणी पाहिली? सही.

दिवा देण्याआधी डॉक्टरला पाठ बघायची होती. लेकीच्या वयाचा मुलगा! मला काही ब्लाउज काढवेना. म्हटलं, "पाठ स्वच्छ आहे, बहीण बघते घरी." धाकटी राहते चार तासांवर. पाठ बघायचे ते हे — दर रविवारी, कुरकुरत, मलम लावताना. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

१२ जानेवारी

चाळीस सेकंद. काहीच जाणवत नाही. नुसती घरघर, आणि मिटल्या डोळ्यांआड निळं.

२८ जानेवारी

लेकीचा फोन. एप्रिलमध्ये बाळाला घेऊन येतेय! नात तीन महिन्यांची असेल. मग जरा घुटमळली — "आई, सासूबाई विचारत होत्या... ते हातांचं बाळाला लागत नाही ना?"

लागत नाही. लेकीला पक्कं ठाऊक आहे. तरी विचारलं.

"नाही गं राणी," म्हटलं. फोन ठेवला, आणि सतरंजीवर पडलेला कोंडा बोटाने टिपत बसले.

९ फेब्रुवारी

कोपरं निवळतायत! सांगितली होती एक मिनिट दहा सेकंद. दोन मिनिटं उभी राहिले. तक्त्यात सांगितलेलीच लिहिली. मदर म्हणायच्या, खोटं लिहिताना अक्षर आधी चुगली करतं. माझ्या अक्षराने नाही केली. छान वळणदार आलं.

इथे मात्र खरं लिहीन. कुठेतरी असायला हवं.

११ फेब्रुवारी

अडीच मिनिटं. तक्त्यात एक पंधरा.

१२ फेब्रुवारी

आज खाडा करायचा दिवस. तरी दोन.

२० फेब्रुवारी

नर्सचा फोन. "पाठ बघतं ना कोणी?" "हो तर! बहीण येते दर सोमवारी." मग बसून सातही सोमवारच्या सह्या करून टाकल्या. धाकटीचं अक्षर मला शाळेपासून येतं. तिचे निबंध कोण उतरवून द्यायचं?

४ मार्च

चार मिनिटं. पाठ पेटलीय नुसती. खुर्चीला टेकवत नाही. दवाखान्यात फोन केला नाही — काय सांगू? धाकटीला केला.

५ मार्च

पहिल्या गाडीने आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू! "अक्कल गहाण टाकलीस का? चूल आहे का ही, पाठ शेकायला? पोरीच्या सासूला दाखवायला सोललं कातडं देणार होतीस?"

मग गार पाण्याची घडी ठेवली. हात तोच, हलका. गंमत म्हणून मोजायला लागली. "...पाच, सहा, सात." आणि थांबली.

"काय गं?"

"ताई, आठ आहेत."

कमरेच्या वर, म्हणे. काळानिळा, कडा फाटलेला. मी म्हटलं, जुनाच असेल. "मला नको सांगूस. इतकी वर्षं मोजलेत."

तक्ता दवाखान्यात न्यायला तिने दारामागून काढला. वाचत उभी राहिली. "सही माझ्याहून बरी करतेस," एवढंच म्हणाली.

७ मार्च

त्याच पोरगेल्या डॉक्टरपुढे ब्लाउज काढला. तीळ कापून तपासायला पाठवला. "हा दोन महिन्यांतला नाही, वर्षभराचा तरी असेल. त्या दिवशी पाठ दाखवली असती, तर दिवा दिलाच नसता." मग तक्ता पाहून कपाळाला आठ्या. "वेळ तर बरोबर दिसतेय. मग भाजलं कसं?"

मी ब्लाउजची बटणं लावत राहिले. धाकटीने तक्ता गुंडाळून पिशवीत टाकला. माझ्यासाठी.

२१ मार्च

रिपोर्ट आला. डॉक्टरने उठून दार लावून घेतलं, तेव्हाच कळलं.

२४ मार्च

उद्या ऑपरेशन. काखेतल्या गाठीही काढणार आहेत. धाकटे, हे तुझ्यासाठी.

दिवा दवाखान्याला परत. ह्यांचं घड्याळ जावयाला. कपाटातली दुलई नातीला — उघड्या हातांनी शिवलीय, हे तिच्या दुसऱ्या आजीला सांग. सांगच.

ही वही डॉक्टरला. तक्ता खोटा आहे, खरी मिनिटं यात आहेत. तुझ्या सह्याही मीच केल्यात, हे त्याला तू नको, वहीच सांगू दे.

आणि तुझी पाठ. इतक्या शनिवारांत मी तिच्यावरचे तीळ एकदाही मोजले नाहीत गं. माझी लेक आली की तिला दाखव.