सव्वा महिना अळणी

सांगली, ८ मार्च २००४

ती. कमळाकाकीस,
मृणालीचा सा. न. वि. वि.

काकी, बेस्ट न्यूज! नर्सिंगला आमचा मनोरुग्णांचा पोर्शन सुरू झाला. म्हणजे आता जीवनदादाची पर्सनल नर्स मीच. लिथियमची गोळी जेवल्यावर दे, पाणी भरपूर पाज. गोळी घेतली की त्याला आ करायला लावून जिभेखाली बघ, पेशंट लपवतात. चिडला तर सांग, मृणालीची ऑर्डर आहे. आणि बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही. काहीही अडलं तर आधी मला विचार, हं!

तुझे लाड असेच मिळू देत,
मृणाली

भिवंडी, १९ मार्च २००४

चि. मृणालीस अ. उ. आ.

बाय, तुझ्या ऑर्डरीपरमानं रोज जीभ बघते. जीवन म्हनतो, आये, मी काय बाजारातला बैल हाय, तोंड उघडून बघायला. वर्षानं तो आपल्या लूमवर परत बसला. तुटलेला धागा चुटकीत जोडतो, बघून डोळे भरतात. तुझे काका म्हनतात, देवीला त्याच्यासाठी सव्वा महिना अळणीचा नवस बोलू, मंग गोळी सुटंल. गोळीवर बिनमिठाचं जेवन चालंल का? दवाखान्यात जायचं तर त्याची शिफ्ट बुडते, म्हून तुला विचारते.

मोठी हो, जपून ऱ्हा,
कमळाकाकी

सांगली, २६ मार्च २००४

ती. काकीस सा. न. वि. वि.

चालेल काय, धावेल! मीठ कमी तेवढं चांगलं, बीपीवाल्यांचं तर आम्ही तोडतोच. काकांना सांग, देवी आणि सायन्स एकाच पार्टीत आहेत. फक्त गोळी चुकवू नकोस. हात थरथरला तर घाबरू नको, ह्या गोळीने होतं तसं.

अशीच विचारत जा, मस्त वाटतं!
तुझी नर्सबाई

सांगली, २१ एप्रिल २००४

ती. काकीस,

पत्र मिळताच अळणी बंद कर. आज मॅडमनी शिकवलं, अंगातलं मीठ कमी झालं की लिथियम बाहेर पडत नाही, साठत जातं, विषासारखं चढतं. उलट्या, जुलाब, जोरात थरथर, झोकांड्या, काहीही असेल तर गोळी थांबव आणि लगेच हॉस्पिटलात ने. रक्त तपासायला सांग. तुमच्या शेजारच्या दुकानवाल्यांचा फोन सकाळपासून लावतेय, लागत नाही. मी तो चॅप्टर अर्धाच वाचला होता. मला माहीत नाही, हेच मला माहीत नव्हतं. परवा पेपर आहे, नाहीतर मीच आले असते. प्लीज काकी.

मृणाली

भिवंडी, २० मे २००४

चि. मृणालीस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तवा जीवन आयसीयूत होता.

आधी ओकला, जुलाब झाले, मी म्हटलं उन्हाचं. मंग हात थरथरला. तुझं मार्चातलं पत्र काढून परत वाचलं आन न घाबरता गोळी दिली. अजून दोन दिस दिली. जीभ बघून दिली.

डॉक्टरनं दरडावून विचारलं, मीठ कोनी तोडलं. मी म्हटलं, मीच, अडानी बाई हाय. तुझं नाव घेतलं न्हाय, तुझ्या काकांजवळ पन न्हाय.

जीव वाचला. पन बोलनं जड झालंय, कपबशी हातात ठरत न्हाय. थरथर कवा जाईल, जाईल का, ते डॉक्टर पन सांगत न्हाय. काल लूमपाशी जाऊन बसला. धागा तुटला. अर्धा तास दोन टोकं धरत होता. मंग त्यानंच लूम बंद केला आन घरी आला.

पेपर झाला असंल तर ये. त्याला भरवावं लागतं, माझेच दोन हात पुरत न्हाईत. तुझं ते मार्चातलं पत्र देवीच्या फोटोमागं ठेवलंय. नर्स झालीस की परत देईन.

लोभ तुटत न्हाय, काय करू,
कमळाकाकी