बाबांच्या स्टुलाचा आखूड पाय

प्रिय ताई,

नमस्कार खुर्चीत बसूनच करते आहे. वाकायचं म्हटलं की हल्ली गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. तुझा खोकला थांबला का? भाऊजींची हत्यारांची पेटी अजून रोज उघडते का? इकडे सगळे मजेत आहेत, आणि मी तर गेले चार दिवस जमिनीला पाय न लावता चालते आहे.

तुझ्या भाचीने परिषदेत निबंध वाचला. तत्त्वज्ञान आणि डिझाइन संशोधन, दोन्हींची मिळून एकच परिषद. (मला दोन्हींतलं काही कळत नाही, त्यामुळे एका दिवसात उरकलं ते बरं.) निवडक तीन निबंधांना मोठ्या प्रदर्शनात जागा मिळणार होती, आणि पोरगी त्यासाठी दोन वर्षं राबत होती. विषय काय, तर बाबांचं स्टूल. स्वयंपाकघरातली ती दोन आठवतात ना, एक तुझ्याकडे आलं, एक माझ्याकडे? दोन्हींचा एक पाय आखूड (बाबांनी स्वतःच केलेली, आणि बाबा सगळं पट्टीऐवजी नजरेनेच मोजत), म्हणून दोन्ही डुगडुगणारी. आपण वस्तू वापरतो तशी वस्तूही आपल्याला वळण लावते, असं तिचं म्हणणं. आणि पुरावा म्हणून माझं स्टूल मंचावर ठेवायचं होतं.

आता आपली शाळा तुला माहीतच आहे. तुटक्या बटणाने कुणी आलं तर सिस्टर दारातच सुईदोरा हातात द्यायच्या. मग चारचौघांत जाणारं स्टूल मी लंगडत कसं जाऊ देणार? आदल्या दिवशी पोरगी बाहेर पडल्यावर मी सुताराला बोलावलं. त्याने बाकीचे तीन पाय कापून चारही सारखे केले, वर पॉलिशही केलं. (काम सुरेख करतो.) पोरीला वाटलं, मी नुसतं पॉलिशच करून घेतलंय.

सभागृहात पोरीने एका धिप्पाड परीक्षकांना त्यावर बसायला सांगितलं. ते बसले, फोटोला बसावं तसे. स्टूल तसूभर हललं नाही.

"हे तर डुगडुगत नाही," ते म्हणाले.

पोरीचा चेहरा पार उतरला. मी तत्काळ उठले आणि सगळ्यांसमोर कबूल केलं, की हा पराक्रम माझा. परीक्षक भला माणूस. म्हणाले, "मग तुम्हीच बसून दाखवा, पूर्वी कसं बसायचात ते."

मी बसले. ताई, काय सांगू, त्या सपाट स्टुलावरही माझा डावा पाय आपोआप पुढे सरकला आणि अंग उजवीकडे कललं. अगदी आपली आई भाजी निवडताना बसायची तसं. सभागृह हसलं. पोरगी मात्र शांतपणे माईकपाशी आली.

"माझा निबंध हाच आहे," ती म्हणाली. "स्टूल दुरुस्त झालं. आई झाली नाही."

टाळ्या थांबेनात. तिघांत पहिली आली. माझी पोरगी, ताई, जी वर्गात बोट वर करायलाही घाबरायची.

तुझी,
धाकटी

ता. क. तत्काळ उठले असं वर लिहिलंय. खरं म्हणजे, तेवढ्या गर्दीत पोरीने नेमकं माझ्याकडेच पाहिलं, म्हणून उठले.

ता. क. २. प्रदर्शनवाल्यांना आता डुगडुगणारं स्टूलही शेजारी हवं आहे. तुझ्या गॅलरीत कुंडीखाली आहे ते पाठव. भाऊजींना कारण सांगू नकोस, प्रेमाने नीट करून देतील.

ता. क. ३. पाठवण्याआधी कुंडी उतरव आणि एकदा त्यावर बस. तुझा कुठला पाय पुढे जातो, ते मला कळव.