चिमणीला का मारलंस?

घोडी का मारलीस रे, मेल्या?

चिरंजीव म्हणवत नाही, आणि पत्ताही ठाऊक नाही, तरी लिहिते.

बायकोवर हात उगारलास म्हणून तुला घराबाहेर काढलं. तेव्हापासून सूनबाई तुझा तो राक्षसांचा गेम खेळते, तुझ्याच खात्यातून, तुझाच शिपाई आणि त्याची घोडी घेऊन. बघून बघून मलाही बटणं कळली. काल शिपायाला शेकोटीपाशी बसवून आम्ही टीव्ही बंद केला. आज लावला, तर तो काळ्या किल्ल्यात उभा आणि घोडी पायाशी मरून पडलेली. तिला तू बायकोचं लाडकं नाव दिलं होतंस, चिमणी.

"आई, पासवर्ड त्यांनाच ठाऊक आहे, ते कुठूनही यात शिरू शकतात," म्हणत सूनबाईनं कडी घातली.

मी माझी खाट दाराला लावलीय. आलास तर जाब मला द्यायचा, तिला नाही.

तुझ्या लेकीची आजी