मेंढरं मागून येऊ लालेत

मुक्काम : गाडीतच, गहिनीनाथच्या रानात,
नायगावच्या मोरांच्या जंगलाशेजारी, जि. बीड

प्रिय बंकट यास,

नेकनूरच्या शाळेत चौथीपर्यंत तुझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या चाँद मिस्त्रीचा सलाम आणि रामराम. दोन्ही पाठवतोय. हवा तो तू ठेव, उरलेला साखराबाई वहिनींना दे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? लिफ्टची भीती मोडली, की अजून देवाचं नाव घेत चारही मजले जिन्यानंच चढतात? तुझी तब्येत मी विचारत नाही, कारण तू 'बरं हाय' म्हणशील. फोन न करता पत्र लिहितोय तेही त्याच कारणानं. फोनवर तू दोनदा 'बरं हाय' म्हणतोस आणि फोन रामेश्वरच्या हातात देतोस. मग तुझा पोरगा मला त्याच्या गाडीचं ॲव्हरेज कमी का झालं ते विचारत बसतो आणि आपलं बोलणं राहून जातं. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. निदान देऊ नकोस.

माझं ठीक चाललंय. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण गॅरेज भाड्यानं दिल्यापासून ऐकण्यासारखंही फार राहिलं नाही, त्यामुळे अडत नाही. ईद झाली. शीरखुर्मा मीच केला. रहेमतबी होती तेव्हा मला स्वयंपाकघरात उभं राहायची बंदी होती (पाना-पक्कड ठेवायची जागा नव्हे म्हणायची), आता सगळं स्वयंपाकघर माझंच आहे आणि त्यात मला काही गंमत वाटत नाही. पातेलं तिचंच घेतलं, त्यामुळे शीरखुर्मा तिच्याच मापाचा झाला, आठ-दहा माणसांचा. पहिल्या ईदेपासून न चुकता येणारा एक पाहुणा यंदा चाकणला चौथ्या मजल्यावर बसलेला होता. त्याचा वाटा मी दुसऱ्या दिवशी खाल्ला. तिसऱ्या दिवशीही खाल्ला.

आता मुद्द्यावर येतो. (मुद्दा अजून लांब आहे, चहा घेऊन बस.) तुला ठाऊक आहे, मांजरसुंब्याच्या चौकात माझा जन्म ट्रकांखाली उताणं पडून गेला. देशभरचे ट्रक माझ्या अंगावरून गेले म्हणायला हरकत नाही, पण मी स्वतः बीडच्या पुढं फारसा गेलो नाही. तर आतिफनं पुण्याहून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात गोरे म्हातारा-म्हातारी एका मोटारीतच संसार थाटून फिरतात. जंगलाच्या कडेला गाडी लावायची, दोन खुर्च्या टाकायच्या आणि चहा पीत वाघाची वाट बघायची. माझ्या पोराला म्हणायचं होतं की अब्बा, जग कसं राहतं बघा, तुम्ही निदान पुण्यापर्यंत तरी या. मी भलतंच शिकलो. वऱ्हाडं वाहून थकलेली एक सतरा सीटची गाडी भंगारात निघाली होती, ती आणली. सीटा काढल्या, पाण्याची टाकी बसवली, गॅसची शेगडी, भांड्यांची मांडणी, खिडकीला पडदा आणि झोपायला दोन फळ्या केल्या. (दोन कावून, असं विचारू नकोस. एकच केली असती तर गाडी एका अंगाला झुकली असती. हे मी मिस्त्री म्हणून सांगतो.) बाहेरून दोन्ही बाजूंना चकचकीत स्टीलचे पत्रे मारले. आपल्याकडे वाघ नाहीत, पण मोर आहेत. तेव्हा खुर्ची टाकली, गाडी काढली आणि निघालो नायगावच्या अभयारण्याकडे.

गाडी चालवणं सोपं असतं रे, ती लावायची कुठं हे अवघड. ते काम तुझं. तू सगळी हयात मेंढरांमागं हिंडलास, रोज नवी जागा निवडलीस. मला एकदा सांगितलंही होतंस, की आधी वारं बघायचं, मग पाणी, मग शेजार. पण तेव्हा मी तुझी बॅटरी दुरुस्त करत होतो आणि निम्मंच ऐकलं. त्या निम्म्या ज्ञानावर मी पहिल्यांदा गाडी लावली ती अभयारण्याच्या फाटकाशीच. तिथले गार्ड, आप्पा म्हणतात त्यांना, भला माणूस. त्यांनी गाडी आतून-बाहेरून पाहिली, शेगडीचं कौतुक केलं आणि सांगितलं की दिवस मावळल्यावर इथं कोणाला थांबता येत नाही. मग विचारलं, "एकलेच हाव का?" मी हो म्हणालो. "घरचे न्हाईत संगं?" मी नाही म्हणालो. त्यावर त्यांनी मला ज्या नजरेनं पाहिलं ती मला आवडली नाही. नियम दाखवला असता तर चाललं असतं. त्यांनी घरून आणलेल्या डब्यातली चटणी दिली.

दुसरी जागा माळावर धरली. वारं छान, नजर जाईल तिथपर्यंत मोकळं रान. सकाळी खुर्ची टाकून चहा ओततोय तर एक मोर आला. मी म्हणालो, चला, व्हिडिओ खरा झाला. पण त्यानं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला त्या स्टीलच्या पत्र्यात दुसरा मोर दिसला आणि त्यानं थेट त्याच्यावर झडप घातली. चोच मारतोय, नख्या मारतोय, दमून बाजूला जातोय, परत येतोय. दुपारपर्यंत हेच. पत्र्याला पोचे आले. रहेमतबीची जुनी चादर होती ती वर टाकली, तर गडी दुसऱ्या बाजूला गेला. शेवटी मी गाडी मागं घ्यायला लागलो. आता ही गाडी वऱ्हाडाची, तिला रिव्हर्स टाकला की लग्नाच्या वरातीची धून वाजते. (ती वायर मला आजवर सापडलेली नाही. हे कोणाला सांगू नकोस, माझा धंदा गेला असला तरी अब्रू आहे.) धून वाजली आणि त्या माळावरच्या एकूण एक मोरानं तिला ओरडून उत्तर दिलं. असा गोंधळ मी कुठल्या वरातीत ऐकला नाही. खरं सांगू, निघताना मला वाईटच वाटलं. त्या मोराचा नाइलाज होता. त्याला भांडायला तरी कोणी मिळालं होतं.

मग पाझर तलावाच्या कडेला गेलो. पाणी जवळ, सावली बरी. दुपारच्या वेळी पडदा सारला तर दाराशी चार-पाच बायका ओळीनं बसलेल्या. त्यांना वाटलं फिरता दवाखाना आला. सगळ्यात पुढं भिवराबाई नावाची म्हातारी, हात पुढं करून. मी सांगितलं, मावशी, मी डॉक्टर नाही, मिस्त्री आहे. ती म्हणाली, "आसू द्या. हात तर बघा. बघायला काय पैसं पडतेत का?" आता तिचं मन कसं मोडायचं? मी मनगट धरलं. नाडी टकटक चालली होती, जुनं पण नीट ठेवलेलं इंजिन. मी म्हणालो, "इंजन चांगलं हाय मावशी, पानी कमी पडायलंय. पानी पीत जावा." दुसऱ्या दिवशी ती आणखी बायका घेऊन आली. सोबत कोणी शेंगा, कोणी ताक. मी सगळ्यांना पाणी प्यायला सांगितलं आणि सगळ्यांना गुण आला. ते दोन दिवस माझे फार चांगले गेले, बंकट. संध्याकाळी त्या आपापल्या घरी जायच्या तेवढंच खटकायचं. पण तिसऱ्या दिवशी एकजण मोतीबिंदू घेऊन आली, तेव्हा मात्र मी तिला बीडच्या सरकारी दवाखान्यात जायला बजावून सांगितलं आणि तिथून मुक्काम हलवला.

आणि आता मी जिथं अडकलोय तिथं येतो. तलावावरून खाली उतरलो तर ज्वारी काढून मोकळं झालेलं एक रान दिसलं. बांधावर लिंब, पलीकडं विहीर. म्हटलं, आता सगळं बंकटसारखं रीतीनं करायचं. उतरलो, मूठभर माती वाऱ्यावर सोडली, चारी अंगांनी फिरून उतार बघितला, विहिरीत डोकावलो. हे सगळं बांधावरून एक शेतकरी बघत होता. तोच गहिनीनाथ. मी त्याला गाडी लावायचं विचारणार, एवढ्यात तोच म्हणाला, "मेंढरं बसवायचीत ना? बसवा की. रान मोकळंच हाय." मी तोंड उघडलं, तर तो गाडीत डोकावला. शेगडी, पाण्याची टाकी, वळकट्या, भांडी. म्हणाला, "हां, बिऱ्हाड हाय. आता धनगरंबी घोडी सोडून गाडीत बिऱ्हाड घालायलेत. बरं झालं." बघ, जी गाडी मी एवढी विलायती समजत होतो, तिला या माणसानं एका नजरेत ओळखलं. धनगराचा पुढं जागा बघायला पाठवलेला माणूस मी, आणि मागून कळप येणार, आणि दोन-चार रात्री त्याच्या रानात बसून त्याला खत देणार. मग त्यानं विचारलं, "बाकीचे कुठंयत?"

बंकट, मी गार्डाला एकटा आहे म्हणून सांगितलं होतं. भिवराबाईला सांगितलं होतं. वाटेत चहावाल्यालाही सांगितलं होतं. त्या दिवशी ते शब्द तोंडातून निघेनात. मी म्हणालो, "मागून येऊ लालेत."

झालं. त्या दिवसापासून मी या घरचा पाहुणा आहे. गहिनीनाथची बायको मनकर्णाबाई रोज दोन वेळा भाकरी पाठवते, कधी पिठलं, कधी मेथीची भाजी, ठेचा नेहमीचाच. तिन्हीसांजेला गहिनीनाथ येऊन गाडीच्या पायरीवर बसतो, आम्ही दोघं तंबाखू मळतो (मी नुसती मळतो) आणि तो विचारतो, "कुठवर आली मेंढरं?" आता काहीतरी सांगावं लागतं. पहिल्या दिवशी मी ती चौसाळ्याच्या अलीकडं आणली. दुसऱ्या दिवशी फार लवकर पोचतील अशी भीती वाटली, म्हणून एक मेंढी व्यायली असं सांगून थांबवली. तर मनकर्णाबाईनं पुरचुंडीत गूळ बांधून दिला, त्या मेंढीला द्या म्हणून. गूळ माझ्याकडं तसाच आहे. रात्री पडल्या पडल्या मलाच त्या मेंढीची काळजी वाटायला लागली. इकडं गहिनीनाथनं कडब्याच्या गंजीला बाभळीच्या काट्यांचा वेढा घातला, मेंढरांनी तोंड घालू नये म्हणून, आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की नांगरट आठ दिवस पुढं ढकल. माझ्या एका शब्दापायी या माणसाचं रान पडून आहे.

तेव्हा विनंती अशी, की तू जातीचा धनगर. मेंढरं न येण्याचं असं एक कारण लिहून पाठव की ऐकणाऱ्याला पटेल आणि माझी लाज राहील. कळपात रोग आला म्हणू नकोस, मनकर्णाबाईला वाईट वाटेल. दुसऱ्यानं खताच्या बदल्यात जास्त ज्वारी देऊन अडवली म्हणू नकोस, गहिनीनाथला वाईट वाटेल. तुझी मेंढरं तर तू गेल्या वर्षीच विकलीस, तेव्हा खरं कारण आपल्याला चालणार नाही.

वहिनींना नमस्कार. रामेश्वरला सांग, टायरात हवा भर, ॲव्हरेज वाढेल. बाकी सगळं बरं हाय (बघ, मीही शिकलो).

तुझा,
चाँद

ता. क. एक सांगायचं राहिलं. कळप कोणाचा म्हणून गहिनीनाथनं विचारलं तेव्हा दुसरं नाव सुचेना, तुझंच सांगितलं. तो ताठ बसला. म्हणाला, "बंकट म्हंजी नेकनूरकडचे? माझ्या बापाच्या टायमाला त्यांची मेंढरं हितंच बसलती. त्या सालासारकी ज्वारी पुन्ना न्हाई आली. मग कितीबी उशीर होऊ द्या, आमी थांबतो." या भागात अजून तुझं नाव निघतं, बंकट. तिकडं चौथ्या मजल्यावर कोण काढतं का, मला ठाऊक नाही.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवणार होतो, पण आज सकाळी राहवलं नाही. गहिनीनाथला सगळं सांगून टाकलं. मेंढरं नाहीत, विकून वर्ष झालं, मी मांजरसुंब्याचा मिस्त्री, मोर बघायला आलोय. कारण पाठवायची आता गरज नाही. तो उठला आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करायला गेला. मी गुळाची पुरचुंडी परत द्यायला घराकडं गेलो. मनकर्णाबाई चुलीपुढं परात घेऊन बसली होती. तिनं गूळ घेतला नाही. म्हणाली, "मेंढरांचं ऱ्हाऊ द्या. त्ये बंकट गडी येनार हायत का न्हाई, तेवढं सांगा. भाकरी किती टाकायच्या त्ये कळाया पायजे." मी म्हणालो, विचारून सांगतो.

बंकट, विचारतोय.