भोंग्यातला पूल

आदरणीय देवमन मामांना पौर्णिमाचा सविनय जयभीम.

तुम्ही आणि रत्नमाला मामी बरे आहात असं धरून चालते, कारण मामींचा गुडघा दुखत असता तर आईला फोन आला असता आणि आईने तो मला स्पीकरवर ऐकवला असता. इकडेही सगळं ठीक. बाबांची शाळेतली घंटा वेळेवर वाजते, सोयाबीन विकलं (भाव विचारू नका), आणि मी जिवंत आहे. हे शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण दारासमोर मोटारसायकल थांबली की मी धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते. घरातली पहिली ग्रॅज्युएट अशी कोठीमागे बरी दिसत नाही, असं आईचं मत आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण गावात रेंज फक्त भाऊसिंगभाऊंच्या ओट्यावर येते (आईचे फोनही तिथलेच), आणि जे सांगायचं आहे ते त्या ओट्यावर बसून सांगण्यासारखं नाही.

भाऊसिंगभाऊ म्हणजे नानासाहेबांचे आमच्या भागातले कार्यकर्ते. नानासाहेब पाच वेळा आमदार झाले, सहाव्यांदा उभे आहेत. बाबा शिपाई आहेत ती शाळा त्यांच्याच संस्थेची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून प्रचाराच्या ऑटोसाठी भाऊंनी माझा आवाज मागितला तेव्हा माझ्याआधी बाबाच हो म्हणाले. पण मामा, मी नाराजीने गेले नाही. वाचायला दिलेल्या कागदावर आपल्या नाल्यावरचा पूल होता! बारावीपर्यंत पावसाळ्यात मी तो नाला चपला हातात आणि दप्तर डोक्यावर घेऊन ओलांडला. ‘नाल्यावरचा पूल होणारच, हा नानासाहेबांचा शब्द आहे,’ हे वाक्य मी इतक्या मनापासून बोलले की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सगळ्या तालुक्यासमोर भोंग्यातून सांगितलेली गोष्ट कोणाला टाळता येणार नाही. (राज्यशास्त्रात मला फर्स्ट क्लास आहे.)

झालं असं की नानासाहेब कोणाला भेटत नाहीत आणि मी रोज हातपंपावर भेटते. तिसऱ्या दिवशी गावालगतच्या तांड्यातल्या कमलीबाईंनी मला तिथेच गाठलं. त्यांची नात रंजीता आठवीत आहे आणि नाल्याला पाणी आलं की तिची शाळा बुडते. त्या म्हणाल्या, “पूल कवा बांधून राह्यली वं?” मी म्हटलं, साहेब बांधतील. तर म्हणाल्या, “साहेब कुठी बोलला? भोंग्यात तं तूच बोलून राह्यली.” त्यानंतर रांगच लागली. एक गवंडी काम मागायला आला. पानठेलेवाल्याला पूल नेमका कुठे उतरणार ते हवं होतं, म्हणजे ठेला आत्ताच सरकवता येईल. मी त्याला जागा सांगितली. (का सांगितली, देव जाणे, आणि आपण तर देवही मानत नाही.)

खरी भीती सुरू झाली ती औक्षणापासून. उमेदवार गावात आला की बाया दारोदार आरतीची ताटं घेऊन उभ्या असतात, आणि नानासाहेबांना इतकी सवय झाली आहे की ताट दिसलं की मान आपोआप वाकते. परवा कमलीबाई ताट घेऊन पुढे आल्या. साहेबांनी टोपी काढली, मान वाकवली, डोळे मिटले. कमलीबाई त्यांना वळसा घालून मागे माईक धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे आल्या, मला कुंकू लावलं आणि माझीच आरती ओवाळली. कारण शब्द ज्याने दिला, मान त्याचा. (आपण बौद्ध आहोत, पण बावीस प्रतिज्ञा समजावून सांगायची ती वेळ नव्हती.) साहेबांची मान बराच वेळ वाकलेलीच होती. कोणी हसलं नाही. मग ते सरळ झाले, माझ्याकडे पाहून गोड हसले आणि हळूच म्हणाले, “सतीश शिपायाची पोरगी ना तू?”

एवढंच. पण तेव्हापासून बाबांच्या ताटातली अर्धी भाकर तशीच राहते, आणि मी कोठीमागे बसते.

आज सकाळी भाऊसिंगभाऊ नवं वाक्य घेऊन आले: ‘पुलाचं काम सुरू झालं आहे.’ आवाज माझाच हवा, लोकांचा माझ्यावर विश्वास बसला आहे, असा साहेबांचा निरोप. मी आधी नाल्यावर जाऊन पाहून आले, न जाणो खरंच सुरू झालं असेल. तिथे एक म्हैस बसली होती. तसं मी भाऊंना सांगितलं. मामा, भाऊ वाईट माणूस नाही. खाली पाहत म्हणाले, “मले बी म्हैसच दिसते, बाई. पन तुया बापाची नोकरी त्याहून मोठी दिसते.”

उद्या बाजारात ऑटो फिरायचा आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करून संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. मी खूप विचार केला, थोडी रडले आणि रेकॉर्ड केलं. तेव्हा आता काळजीचं काही नाही. मामींच्या गुडघ्याला जपा.

तुमची भाची
पौर्णिमा (बी.ए.)

ता.क. : सहज विचारते. अकोल्याला तुमच्या ओळखीच्या वसतिगृहात चौकीदार हवा होता ना? पन्नाशीचा, निर्व्यसनी, घंटा वेळेवर वाजवणारा माणूस चालेल का? पत्र अकोला गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे, उत्तरही त्यांच्याकडेच द्या. जरा लवकर.

ता.क. दुसरा : रेकॉर्ड केलं, पण दिलेलं वाक्य नाही. मी बोलले ते असं : ‘मी पौर्णिमा, सतीशची मुलगी. पूल होणार असं मीच सांगितलं होतं. आज नाल्यावर जाऊन आले. काम सुरू झालेलं नाही. नानासाहेब, तुमचा शब्द माझ्या तोंडून गेला आहे, तो पाळा.’ ऑटोवाला आधी ऐकून पाहत नाही, सरळ लावून देतो. अजून पाठवलेलं नाही. पुसून टाकावं असं वाटतं. बाबांना विचारून येते.

ता.क. तिसरा : बाबांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, “‘सुरू झालेलं नाही’ इथं तुया आवाज पडून राह्यला. पुन्हा कर. अन् नुसतं सतीश नको म्हनू, सतीश शिपाई म्हन. साहेबाले ओळख पटली पायजे.”

पुन्हा केलं. भाऊंच्या ओट्यावर निघाले आहे, बाबाही सोबत येत आहेत. मामा, चौकीदाराचं खरंच बघा.