उजवी बाही, डावा डोळा

प्रिय ठमे,

हे पत्र तुझ्या आईकडून लिहून घेतेय, त्यामुळे अक्षर वळणदार दिसेल. हुरळून जाऊ नकोस, बोलणं माझंच आहे. मागच्या सोमवारी तुझ्या दवाखान्यात माझी हनुवटी त्या यंत्रावर टेकवलीस आणि हळूच विचारलंस, आजी, माझ्यावर विश्वास आहे ना? मी हो म्हणाले. ते खोटं होतं. (तुझी आई लिहायची थांबलीय. लिही गं, खोटं मी बोलले, तू नाहीस.)

रागावू नकोस. मोतीबिंदू काढणार तू, पण डोळा माझा ना! आणि तुला मी सुईत दोरा ओवताना पाहिलंय. दोरा चोखून चोखून लगदा व्हायचा, पण नेढ्यातून जायचा नाही, मग तू सुईलाच दोष द्यायचीस. त्याच पोरीच्या हातात आता पातं. म्हणून मी ठरवलं, हिच्यावर विश्वास ठेवायचा. ठरवायला काय लागतं? चहा गाळेपर्यंत ठरवून झालं. मग रोज सकाळी दात घासताना मनाला बजावायची, आपली ठमी शिकलेली आहे, शेकडो डोळे केलेत तिनं. मन म्हणायचं, हो का, बरं. आणि पुन्हा तो दोरा पुढे करायचं. तुझी भिंतीवरची प्रमाणपत्रंही बघून आले, पण मला त्यातली चौकटच तेवढी कळते. चौकट चांगली आहे. तर हो म्हणणं माझ्या हातात होतं, ते मी म्हटलं. विश्वासाला चुचकारलं, दटावलं, पण तो काही आला नाही.

शनिवारी तुझा फोन आला. आजी, चुकलं माझं, उजव्या डोळ्याचं माप डाव्याच्या रकान्यात लिहिलं, आत बसवायचं भिंग चुकीचं मागवलं गेलं, परत मोजायला ये. कुणी पकडलं नव्हतं, कागद पुन्हा तपासताना तुझं तुलाच सापडलं. घरात नुसता हलकल्लोळ. तुझा बाप दुसरा डॉक्टर शोधायला लागला, तुझी आई रडायला बसली. (खरं आहे ते, लिही.) आणि मी? मला झोप लागली. भर दुपारी, गाढ. उठले तर विश्वास बसलेला!

हसू नकोस. शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बाह्या जोडणाऱ्या मुलींवर देखरेख केलीय मी. नव्या मुलीचे टाके मी पहिला महिना बघायचेच नाही. चुकायच्या सगळ्याच. बहुतेकजणी उलटसुलट लागलेली बाही इस्त्रीखाली दाबायच्या आणि शर्ट गठ्ठ्यात तळाशी सरकवायच्या. एखादीच मान खाली घालून यायची, बाई, उजवी बाही डावीकडे लागली, उसवून देते. तिला मी चार शिव्या हासडायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात नाजूक कापड तिच्यापुढे टाकायचे. हिच्यावर विश्वास ठेवायचं कधी ठरवलंत, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. ठरवलं कुठे होतं? बसला होता.

आज सकाळी तुझा बाप सांगत होता की गुरुवारचं माझं ऑपरेशन तू तुमच्या मोठ्या डॉक्टरांकडे सोपवलंस. तुझा म्हणे स्वतःवरचा विश्वास उडालाय. म्हणून हा कागद. मोठे डॉक्टर भले असतील, त्यांना शेजारी उभं कर हवं तर. पण हात तुझाच हवा. आणि स्वतःवर विश्वास ठेवायचं ठरवत बसू नकोस, मी पाच दिवस करून बघितलंय, नुसता वेळ जातो. तू फक्त माप पुन्हा बघ, भिंग उघडायच्या आधी आणखी एकदा बघ, आणि कामाला लाग. मध्येच हात थरथरला तर तसं सांग, मी थांबेन. मी कुठे पळून जातेय?

तुझीच,
गुरुवारी सकाळी आठला तुझ्या दारात बसलेली,
आजी